नाक धुवायचं, पण कोणत्या पाण्यानं?

सोयाबीनची सोंगणी झाली की वाशीम जिल्ह्यात दरवर्षीचं ठरलेलं दृश्य दिसतं. सुडीजवळ हडंबा धडधडतोय, कुटाराचा लोट उठतोय आणि कॉलेजला दांडी मारून किंवा दिवाळीच्या सुटीत घरी आलेली पोरं-पोरी तोंडाला दुपट्टा गुंडाळून राबतायत. संध्याकाळी नाक शिंकरलं की रुमाल काळा. दोन दिवसांत घरात सगळेच शिंकायला लागतात आणि तिसऱ्या दिवशी मेडिकलवर 'भाऊ, सर्दीची गोळी द्या, जरा पॉवरची' अशी मागणी सुरू होते. ती 'पॉवरची' गोळी बहुतेक वेळा अँटिबायोटिक असते आणि सर्दी बहुतेक वेळा विषाणूची असते. म्हणजे गोळीचा सर्दीशी काही संबंधच नाही.

नेमक्या याच दिवसांत मोबाईलवर रील फिरू लागतात. कुणीतरी नदीकाठी बसलंय, हातात तांब्याचं चोचीचं भांडं, एका नाकपुडीतून पाणी आत, दुसरीतून बाहेर. खाली मजकूर : 'रोज जलनेती करा, आयुष्यात सर्दी होणार नाही.' लाखभर लाइक्स. कमेंटमध्ये दोन टोळ्या. एक म्हणते, 'आपल्या ऋषीमुनींना सगळं माहीत होतं.' दुसरी म्हणते, 'अंधश्रद्धा, नाकात पाणी घालून कुणी बरं होतं का?' दोन्ही टोळ्यांनी पुढे काही वाचलेलं नसतं, हे वेगळं सांगायला नको.

माझं म्हणणं या दोघांच्याही कामाचं नाही. मिठाच्या पाण्यानं नाक धुणं ही खरंच उपयोगी, जवळजवळ फुकट गोष्ट आहे. कॉलेजच्या मुलांनी ती शिकून घ्यावी. पण रीलमध्ये जे सांगतात त्यासाठी नाही, आणि रीलमध्ये दाखवतात त्या पाण्यानं तर अजिबातच नाही.

आधी 'ऋषीमुनीं'चं बघू. हठयोगप्रदीपिकेत षट्कर्मं सांगितली आहेत : धौती, बस्ती, नेती, त्राटक, नौली आणि कपालभाती. त्यातली नेती म्हणजे सूत्रनेती. वीतभर लांबीचा मऊ दोरा नाकातून घालून तोंडातून बाहेर काढायचा. आज आपण जिला सर्रास नेती म्हणतो ती मिठाच्या पाण्याची जलनेती लोकप्रिय झाली ती मुख्यतः विसाव्या शतकातल्या योगशाळांमुळे. त्यामुळे 'पाच हजार वर्षांपासून' वगैरे म्हणताना थोडं दमानं घ्यावं. आणि नाकात पाणी घेऊन ते शिंकरून टाकणं ही काही एकट्या योगाची मालमत्ता नाही. कारंजा-मंगरूळपीरच्या मशिदींत वजू करताना लोक दिवसातून अनेकदा नाकात पाणी घेतात. नाक साफ ठेवावं हे शहाणपण बऱ्याच जणांना सुचलेलं आहे.

आता दुसऱ्या टोळीसाठी. नाकाच्या आतल्या अस्तरावर चिकट द्रवाचा पातळ थर असतो आणि त्याखाली बारीक केसांसारखे तंतू सतत हलत असतात. धूळ, परागकण, जंतू त्या थरात अडकतात आणि तंतू तो थर हळूहळू घशाकडे ढकलतात. आपण तो गिळतो, पोटातलं आम्ल बाकीचं बघून घेतं. हा आपला सरकता पट्टा. हडंब्यासमोर चार तास उभं राहिलं की त्यावर एवढा माल पडतो की तो तुंबतो. सर्दीत थर घट्ट होतो, तेव्हाही तसंच. मिठाचं पाणी हा थर पातळ करतं, अडकलेला माल वाहून नेतं आणि पट्टा पुन्हा चालू व्हायला मदत करतं. यात गूढ काही नाही. नाली तुंबली की आपण पाणी मारतो, तेवढंच.

पण यानं आजार टळतो का? इथे नीट वाचावं लागतं. एडिनबरा विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१९ मध्ये एक छोटी चाचणी प्रसिद्ध केली. सर्दी झालेल्या ६६ प्रौढांपैकी निम्म्यांना जरा जास्त खारट पाण्यानं नाक धुवायला आणि गुळण्या करायला सांगितलं. त्यांची सर्दी सरासरी १.९ दिवस आधी बरी झाली आणि घरातल्यांना लागण होण्याचं प्रमाणही ३५ टक्क्यांनी कमी दिसलं. ६६ म्हणजे फारच कमी माणसं, हे खरं. मग २०२४ मध्ये 'लॅन्सेट रेस्पिरेटरी मेडिसिन'मध्ये ब्रिटनमधली मोठी चाचणी आली. १३,७९९ प्रौढ, सगळे असे की ज्यांना श्वसनाच्या आजाराचा धोका जास्त किंवा जे वारंवार आजारी पडतात. काहींना मिठाच्या पाण्याचा नाकात मारायचा स्प्रे दिला, काहींना जेलचा स्प्रे, काहींना व्यायाम आणि ताणतणावावरची वेबसाइट, आणि उरलेल्यांना नेहमीचे उपचार. स्प्रे रोज मारायचा नव्हता. लक्षणं सुरू झाली किंवा आजारी माणसाच्या संपर्कात आलो की मारायचा. सहा महिन्यांत नेहमीच्या उपचारांच्या गटातली माणसं सरासरी ८.२ दिवस आजारी होती, तर मिठाच्या पाण्याच्या गटातली ६.४ दिवस. अँटिबायोटिकचे कोर्सही कमी लागले.

इथे 'सर्दी होणारच नाही' असं कुणीही म्हटलेलं नाही. फायदा दिसला तो आजाराचे दिवस कमी होण्यात. त्याच वर्षी एडिनबराच्याच गटानं सहा वर्षांखालच्या ४०७ मुलांवरचे निष्कर्ष मांडले. मिठाच्या पाण्याचे थेंब नाकात घातलेल्या मुलांची सर्दी सरासरी सहा दिवसांत गेली, बाकीच्यांची आठ दिवसांत. घरात दुसऱ्या कुणाला सर्दी झाली असं सांगणारी कुटुंबं ४६ टक्के, बाकीच्या गटात ६१ टक्के. म्हणजे प्रतिबंध असलाच तर तो मुख्यतः असा आहे : माझं नाक मी धुतलं तर माझ्या आईला, रूममेटला, शेजारच्या खाटेवरच्याला आजार लागण्याची शक्यता कमी होऊ शकते. रीलमध्ये हे कुणी सांगत नाही, कारण 'तुमच्या रूममेटचा फायदा होईल' यावर लाइक्स येत नाहीत.

आणि रूममेट हा शब्द मी उगाच वापरत नाहीये. श्वसनाचा आजार एका छताखाली किती झपाट्यानं पसरतो हे वाशीम जिल्ह्याला बाहेरच्या कुणी शिकवायची गरज नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये रिसोड तालुक्यातल्या देगावच्या एका निवासी शाळेच्या वसतिगृहात तब्बल २२९ विद्यार्थी कोरोनाबाधित निघाले आणि आपला जिल्हा देशभरच्या बातम्यांत झळकला. त्या काळात घरोघरी वाफ, काढा, नाकात तेल, मिठाच्या गुळण्या सगळं चाललं होतं. जागतिक आरोग्य संघटना तेव्हाच सांगत होती की नाक धुतल्यानं कोरोना टळतो असा पुरावा नाही, साध्या सर्दीतून थोडं लवकर बरं व्हायला मदत होते एवढंच मर्यादित प्रमाणात दिसलंय. ते वाक्य कुणी फॉरवर्ड केलं नाही. एका हॉलमध्ये दाटीवाटीनं खाटा असतील, खिडक्या बंद असतील, तर नुसती नेती काय करणार? तिथे आधी खिडकी उघडायला हवी, तापलेल्या मुलाला वेगळी खोली द्यायला हवी. नेतीचा नंबर त्यानंतर.

आता मुद्द्याचं, म्हणजे पाण्याचं. रीलवर माझा खरा राग इथे आहे.

'नेग्लेरिया फाउलेरी' नावाचा एक अमीबा असतो. उबदार, गोड्या पाण्यात राहतो. हे पाणी प्यायलं तर तो काही करत नाही. पण नाकात वर गेलं तर वासाच्या मज्जातंतूच्या वाटेनं मेंदूपर्यंत पोहोचतो आणि मग माणूस वाचणं जवळजवळ अशक्य. आजार अत्यंत दुर्मीळ आहे, घाबरून जायचं कारण नाही. पण २०११ मध्ये अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यात दोन माणसं गेली ती नेतीपॉटमध्ये नळाचं साधं पाणी वापरल्यानं. कराचीत अनेक मृत्यू झाले आहेत आणि तिथले डॉक्टर वजूसाठीसुद्धा उकळलेलं किंवा नीट क्लोरीन केलेलं पाणी वापरायला सांगतात. केरळमध्ये २०२४ मध्ये तळ्यात पोहलेली मुलं अशाच मेंदूज्वरानं दगावली.

आता आपलं पाणी बघा. वाशीम शहराला एकबुर्जीच्या धरणातून पाणी येतं. गावांत विहीर, बोअर, उन्हाळ्यात कुठे टँकर. नळ रोज येतोच असं नाही, म्हणून प्रत्येक घरात साठवण. छतावरची काळी टाकी मे महिन्यात अशी तापते की दुपारी नळाखाली हात धरवत नाही. विहिरीत टीसीएल पावडर पडली की नाही, किती पडली, कधी पडली, हे ग्रामपंचायतीच्या कर्मचाऱ्यालाच ठाऊक. असं पाणी पिऊन आपल्याला सवय झालीय म्हणून ते नाकात घालायला चालेल, असं नाही. पोटात आम्ल असतं, नाकात नसतं. आरओचं किंवा वीस लिटरच्या जारचं थंडगार पाणीही 'फिल्टरचं आहे ना' म्हणून वापरू नये. ते जार कुठे भरलेत, कुठल्या टाकीतून, हे तुम्ही कधी पाहिलंय?

म्हणून नियम एकच. पाणी खळखळून उकळी फुटल्यावर किमान एक मिनिट उकळायचं, झाकून कोमट होऊ द्यायचं, आणि मग वापरायचं. नदीकाठचं भांडं, विहिरीवरचं भांडं, धबधब्याखालचं भांडं, हे सगळं फक्त व्हिडिओपुरतं.

मिठाचं प्रमाणही डोळ्यांनी ठरवू नका. साध्या पाण्यानं नाक धुतलं तर झणझणतं, डोळ्यांतून पाणी येतं आणि माणूस म्हणतो, 'हे काय आपल्याला जमणार नाही.' शरीरातल्या द्रवाइतकं खारट पाणी हवं, म्हणजे लिटरला ९ ग्रॅम. सोपं करून सांगायचं तर एका मोठ्या ग्लासात, साधारण पाव लिटर पाण्यात, अर्ध्या चहाच्या चमच्याहून थोडं कमी मीठ. झोंबत असेल तर चिमूटभर खाण्याचा सोडा. बेसिनवर वाकायचं, मान बाजूला वळवायची, तोंडानं श्वास घ्यायचा, वरच्या नाकपुडीत पाणी सोडायचं. खालच्या नाकपुडीतून ते आपोआप येतं. मग बाजू बदलायची. झाल्यावर शिंकरताना दोन्ही नाकपुड्या मोकळ्या ठेवायच्या आणि हळू शिंकरायचं. एक नाकपुडी दाबून जोरात शिंकरलं तर पाणी कानाच्या नळीत जातं आणि मग सर्दी राहिली बाजूला, कान ठणकायला लागतो. भांडं धुवून कोरडं करायचं आणि ज्याचं त्यानं वापरायचं. रूमवर चौघांत एक नेतीपॉट ही कल्पना तर विसराच.

नाक पूर्ण बंद असेल, कान दुखत असेल, नाकातून रक्त येत असेल किंवा नाकाचं ऑपरेशन झालेलं असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. भांड्याची भीती वाटत असेल तर मेडिकलवर मिठाच्या पाण्याचे तयार थेंब आणि स्प्रे मिळतात. ब्रिटनच्या चाचणीतही भांडं नव्हतं, स्प्रेच होता. आणि ताप उतरत नसेल, दम लागत असेल, छातीत दुखत असेल, तर नेती, वाफ, काढा सगळं बाजूला ठेवून सरळ दवाखाना.

हडंब्यावर काम करणाऱ्यांसाठी एक वेगळी गोष्ट. नाक धुतल्यानं नाकातली धूळ निघते. जी बारीक धूळ फुफ्फुसात उतरली ती निघत नाही. म्हणून आधी चांगला मास्क आणि वाऱ्याची दिशा बघून उभं राहणं, मग संध्याकाळी नाक धुणं. दुपट्टा हा काही मास्क नव्हे. उन्हासाठी तो ठीक आहे. दम्याचा किंवा धुळीच्या अ‍ॅलर्जीचा त्रास असलेल्या पोरांना तर घरच्यांनीच हडंब्याजवळ पाठवू नये, पण 'एवढ्याशा धुळीनं काय होते, आम्ही नाही का राबलो' हे वाक्य आपल्याकडे प्रत्येक घरात तयार असतं.

माझी आणखी एक तक्रार आहे आणि ती जरा आपल्या सगळ्यांबद्दल आहे. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम सुरू केलं आणि त्याच वर्षी 'योग मीमांसा' हे नियतकालिक काढलं. त्याआधी ते खानदेशात अमळनेरला शिकवत होते. त्यांचा आग्रह असा की योगातली क्रिया 'आपली' आहे म्हणून खरी मानायची नाही, प्रयोगशाळेत तपासायची. नौली करताना पोटात नेमकं काय घडतं ते त्यांनी क्ष-किरणांखाली पाहिलं. आपल्या शेजारी अमरावतीला हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून उभं आहे. म्हणजे तपासून बघण्याची जिद्द आणि शरीर कमावण्याची परंपरा, दोन्ही महाराष्ट्रात शंभर वर्षांपासून आहेत. आणि शंभर वर्षांनी आपण काय करतोय? २१ जूनला मैदानावर चटई टाकून फोटो काढतोय. मीठ-पाण्याचा हिशोब मात्र १३,७९९ माणसं जमवून ब्रिटिश डॉक्टर मांडतायत. त्यांचं नाक थंडीत गळतं. आपलं नाक कुटारानं, रस्त्याच्या मातीनं आणि जळत्या कचऱ्याच्या धुरानं भरतं. त्यांचे आकडे आपल्याला जसेच्या तसे लागू होतील, असं कशावरून?

वाशीमला आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आलं आहे, २०२४ पासून. जिल्ह्यातल्या कॉलेजांत एनएसएसची युनिटं आहेत, दरवर्षी सात दिवसांचं शिबिर होतं, गावात जाऊन नाल्या काढल्या जातात, घोषणा दिल्या जातात. एखाद्या वर्षी सोंगणीच्या हंगामात तिथल्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली, रीतसर परवानग्या आणि संमती घेऊन, एक साधी चाचणी का होऊ नये? सर्दी सुरू होताच निम्म्या मुलांना मीठ-पाण्याचे थेंब द्यायचे, निम्म्यांनी नेहमीसारखं वागायचं. किती दिवस आजारी होते, घरात किती जणांना लागलं, मेडिकलवरून किती अँटिबायोटिक घेतल्या, एवढंच वहीत लिहायचं. फायदा निघाला तर उत्तम. नाही निघाला तरी ते कळणंही तितकंच कामाचं, आणि नेतीची लाज काढायचं त्यात काही कारण नाही.

तोपर्यंत हॉस्टेलवाल्यांसाठी अडचण एकच उरते, ती मिठाची नाही. मीठ मेसमध्ये आहे. उकळलेलं पाणी कुठून आणायचं? इंडक्शन किंवा केटल रूमवर सापडली की दंड, हा नियम सगळीकडे आहे आणि वायरिंगची अवस्था बघता तो चूकही नाही. पण सकाळी मेसमध्ये चहाचं पातेलं चढतंच. त्यानंतर त्याच शेगडीवर आणखी एक स्वच्छ पातेलं पाणी उकळून, झाकून, तोटीच्या स्टीलच्या डब्यात ठेवायला किती गॅस लागतो? सर्दी-तापाच्या दिवसांत ते पिण्यालाही चालेल. वॉर्डनकडे अर्ज करताना आपण वायफाय मागतो, पंखा मागतो. पुढच्या अर्जात हा डबा लिहा, आणि त्याच कागदावर खाली हॉलच्या न उघडणाऱ्या खिडक्यांचा आकडाही टाका.